पृथ्वीगोलावरचं कुंकू

दौंडच्या आमच्या शाळेत पृथ्वीगोल एकच होता आणि तो वर्षातून एकदाच कपाटाबाहेर यायचा, दसऱ्याच्या पूजेला. गुरुजी तो फिरवून हिंदुस्थान पुढं आणायचे आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचे. झेंडूची माळ मी गुंफायचे. मी मुसलमानाची, पण त्याचं तेव्हा कुणाला काही वाटत नसे. दुसऱ्या दिवशी गोल कपाटात आणि किल्ली गुरुजींच्या कोटाच्या खिशात. शिकायला फळा होता: अक्षवृत्तं आडवी, रेखावृत्तं उभी, विषुववृत्त मधोमध. पाठ करा. त्या कपाटाचा मला आजही संताप येतो. हात लावू द्यायचा नव्हता तर गोल आणला कशाला?

मी घरी मोसंब्यावर शाईच्या टाकानं रेघा ओढल्या आणि त्यावर शिकले.

सातवीत असताना दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार होते. अब्बा लोको शेडमध्ये फिटर. ते म्हणाले, "सायबानं चांगलं म्हटलं तर हायस्कुलात घालतो. न्हाईतर शाळा पुरं झाली." माझं सगळं त्या एका दिवसावर होतं.

साहेबांनी गोल मागवला आणि मला उभं केलं. "साडेअठरा अंश उत्तर, साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व. बोट ठेव."

ग्रिनिचच्या रेघेपासून पूर्वेला आले, विषुववृत्तापासून वर चढले. बोट पोचलं तिथं देशच दिसेना. कित्येक दसऱ्यांच्या कुंकवाची खपली धरली होती. मी बोट तिथंच टेकवलं. "हे दौंड, साहेब."

उत्तर बरोबर होतं. पण साहेबांना दिसलं माझं लाल झालेलं बोट. "गोलाची ही दशा कुणी केली?"

मी गुरुजींकडं पाहिलं. 'पूजेचं आहे' एवढं म्हणाले असते तर त्यांचं काय जाणार होतं? साहेबही हसले असते. गुरुजी म्हणाले, "हिनंच, साहेब. या पोरीला जिथं तिथं हात घालायची खोड आहे." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. सगळ्या वर्गाला खरं माहीत होतं. एकानंही ब्र काढला नाही.

संध्याकाळी गुरुजी घरी येऊन अब्बांनाही तेच सांगून गेले. त्यांची पाठ वळताच मी ओरडले, "अब्बा, आपल्या घरात कुंकू असतं तरी का?"

अब्बा जेवत होते. "ते मला कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पण गुरुजींना खोटं कुनी पाडायचं? आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

त्याच आठवड्यात माझं दप्तर धाकट्या भावाला मिळालं. गुरुजींवरचा राग कधीतरी निवला. अब्बांवरचा निवत नाही, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

साडेअठरा उत्तर, साडेचौऱ्याहत्तर पूर्व. मी अजून तिथंच आहे.