बैलगाडीचा निबंध

आमच्या उर्दूच्या मौलवीसाबांनी माझ्यासाठी स्वतःवर बोल घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी गडबडतो आणि त्यांचंच राहून जातं.

मी बोरीचा. गावात चौथीपर्यंत मराठी शिकलो. पुढं परभणीच्या शाळेत, तेव्हाची सरकारी भाषाच उर्दू म्हणून, सगळं उर्दूत. निम्मं वर्ष तोंड शिवल्यासारखा बसून होतो. शाळा सुटल्यावर मौलवीसाब आपल्या ओट्यावर बसवून घ्यायचे, तेव्हा कुठं हात वळला. राहायला एका नातलगाकडं होतो. त्यांनी साफ सांगितलं होतं, "वजीफा मिळाला तर ऱ्हा, न्हाई तर गावाकडं जाऊन नांगर धर." ही शिष्यवृत्ती निबंधावर मिळणार होती. विषय 'नेक रिआया', म्हणजे चांगली प्रजा कशी असते.

मी पुस्तकातलं उतरवून नेलं. मौलवीसाबांनी कागद परत केला. "बेटा, ये तो सब लिखेंगे. तू अपनी आँख से देखा सो लिख."

मग मी बाबांवर लिहिलं. आदल्या सुगीत तहसीलदारसाहेबांचा दौरा आला होता. खळ्यावर कणसं पसरलेली, आभाळ भरून आलेलं, आणि चावडीवरून निरोप आला की साहेबांचे तंबू जिंतूरला पोचवायचेत. बाबांनी मळणीचे बैल सोडले आणि गाडीला जुंपले. परत आले तोवर ज्वारी भिजून काळी पडली होती, एक बैल लंगडत होता. बाबांनी दाम मागितला नाही की चकार शब्द काढला नाही. याहून नेक माणूस कोण, असं मी मोठ्या अभिमानानं लिहिलं. गावात सगळेच असं करायचे. सरकारनं अशी फुकट राबवायची वेठ कायद्यानं बंद केलीय, हे आम्हाला कुठं ठाऊक!

मौलवीसाबांनी कागद दोनदा वाचला. "सच्चा है," म्हणाले. "रहने दे."

निवडलेले निबंध शाळेच्या जलशात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, मग वजीफा जाहीर व्हायचा. जिल्ह्याचे मोठे साहेब मधल्या खुर्चीत होते, शेजारी तेच तहसीलदार. मी बैलाच्या लंगडण्यापर्यंत आलो तेव्हा मोठे साहेब शेजारी वळले. "किराया दिया था आपने?"

तहसीलदारसाहेब रुमालानं कपाळ पुसायला लागले. मला वाटलं, बाबांचं कौतुक चाललंय. मी मनचंच जोडलं, "न्हाई सरकार, कुनालाच देत न्हाईत!"

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. नंतर कुणीच हसलं नाही.

हेडमास्तरांच्या खोलीत एकच सवाल होता, "किसने सिखाया इसको?" दाराशी उभे असलेले मौलवीसाब पुढं आले. "मैंने लिखवाया, जनाब. ये तो बच्चा है."

वजीफा दुसऱ्या पोराला गेला आणि नातलगानं मला बोरीला परत पाठवलं. मौलवीसाबांची बदली लांबच्या तालुक्याला झाली. बाबांना गावच्या चावडीवर दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. रात्री ते मला विचारत होते, "चांगलंच लिवलास म्हनं की रं. मंग सायेब कामून रागावलाय?" मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

मौलवीसाबांना निरोप द्यायला बाबा मला घेऊन परभणीच्या स्टेशनवर आले होते. म्हणाले, "मौलवीसाब, एकडाव हुरड्याला या."

"गाडी भेजो, आता हूँ," ते हसून म्हणाले. मग मला जवळ घेतलं. "मदरसा छूटा तो छूटा. लिखना मत छोड." मनमाडच्या एका ओळखीच्या बुकबाइंडरकडं माझी सोयही त्यांनीच लावून दिली होती.

आता मी इथं दुसऱ्यांच्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवतो. घरची खुशाली यायला उशीर झाला की एकच मनात येतं. बाबांना परत चावडीवर तर नेलं नसेल? इथून मी काय करणार? पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या डब्यात हात बुडवून बसून राहतो.

पण मौलवीसाब कुठल्या गावी आहेत ते मी शोधून काढीन. एका वर्षी हुरड्याच्या दिवसांत बाबांचीच गाडी जुंपीन, गवतावर घोंगडी अंथरीन आणि स्वतः हाकत त्यांना बोरीला आमच्या शेतात नेईन. कुणाचा हुकूम नसताना.