कमलताईंची दोन सीटांची गाडी

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. फोन पालघरहून, त्यांच्या पुतण्याचा. "मावशी, आत्या गेली. दुपारी जेवली, हात धुतले, आरामखुर्चीत टेकली... ती उठलीच नाही." मी फोन ठेवला आणि मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, चक्क हायसं वाटलं. लोक म्हणतील, काय बाई आहे ही! म्हणोत बापडे. गेली दोन-तीन वर्षं मला एकच धास्ती होती. नव्वदी ओलांडलेल्या या बाईला कुणीतरी ॲम्ब्युलन्समध्ये घालणार, ती हायवेवर ट्रकांच्या रांगेत अडकणार आणि जिनं जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवलं तीच वाटेत खोळंबून राहणार. तसं काही झालं नाही. त्या आपल्या घरात, पोटभर जेवून, कुणाचीही वाट न बघता गेल्या. रडू मला आलं ते संध्याकाळी, मटारची उसळ खाताना.

डॉक्टर कमलताई म्हणजे पालघरच्या बायकांच्या डॉक्टर. मी आधी त्यांची पेशंट, मग मैत्रीण, आणि शेवटी शेवटी त्यांना दटावू शकणारी बहुधा एकटीच. आमची ओळख झाली ती साठच्या दशकात. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, आमचे हे तिथे ओव्हरसियर म्हणून लागले आणि आम्ही कऱ्हाडहून तारापुरात दोन खोल्यांत येऊन पडलो. माझं पहिलं बाळंतपण तिथलंच. ताई पालघरहून कशाबशा येऊन पोचल्या, तपासलं आणि म्हणाल्या, "हिला माझ्याकडे न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता." भाड्याची जीप आली. मग सुरू झालं संमेलन. बरोबर कोण जाणार? सासूबाई तर हव्यातच. घरमालकीण म्हणाली, माझ्या हाताला गुण आहे. शेजारच्या काकू रुसल्या. कुणीतरी मामांना बोलवायला पळालं, कारण पुरुषमाणूस हवं. तेव्हाची ही रीतच होती. अडलेली बाई एकटी घराबाहेर पडली तर घराची अब्रू जायची. अखेर माणसांनी गच्च भरलेली ती जीप निघाली आणि बोईसरच्या पुढे मान टाकून बसली. पुन्हा काही ती सुरू होईना. माझं बाळ त्या रस्त्यावरच गेलं. मुलगा होता. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही हात जड होतो, म्हणून पुढे जाते.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी भीतीनं अर्धी झाले होते. ताईंनी नाडी बघितली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शालिनी, या वेळी मी माझी स्वतःची गाडी घेऊन येईन. ती वाटेत बंद पडणार नाही. एवढं माझ्यावर सोड." म्हणजे ती गाडी ताईंच्या नावावर असली तरी होती माझ्यासाठी, माझ्या पोटातल्या जिवासाठी. त्यामुळे ती कशी निवडली जाते याकडे माझे डोळे लागलेले असणं साहजिकच होतं.

आता त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे काय दिव्य होतं, ते आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. नव्या गाडीसाठी नंबर लावून लोक म्हातारे होत. पण तारापूरच्या कामावरचे गोरे इंजिनिअर अधूनमधून मायदेशी परतत आणि जाताना गाड्या विकून जात. तेव्हा नेमक्या दोन गाड्या निघाल्या होत्या आणि दोन्ही, काय सांगू, स्पोर्ट्स कार! बुटक्या, लांब नाकाच्या, कापडी छपराच्या, दोनच सीटा असलेल्या. लेडी डॉक्टर असली गाडी घेणार म्हटल्यावर पालघर हसलं. आमचे हे म्हणाले, "ताई, हा तरण्या पोरांचा शौक. पेशंट घेऊन जायला जागा तरी आहे का?" ताई शांतपणे म्हणाल्या, "दोन जागा आहेत. एक माझी, एक पेशंटची. सासू, मामा, काकू, हाताला गुण असलेल्या घरमालकिणी... यांना जागाच नाही. मला अशीच गाडी हवी होती." मी पदरात तोंड घालून खूप हसले. पहिलं बाळ गेल्यापासून एवढं हसले नव्हते.

पहिली गाडी चिंचणीला, समुद्राजवळच्या एका बंगल्यात होती. लालभडक. अशी चकाकत होती की तीत बघून कुंकू लावावं. आमच्या ह्यांनी ती आधीच पाहून "फर्स्ट क्लास" असा शेरा मारून ठेवला होता आणि विसार द्यायला त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. साहेब निघून गेलेला, विक्री राखणदाराकडे सोपवलेली. तो गृहस्थ अभिमानानं सांगत होता, "रोज सकालची धुतो बाय. एक दिस चुकलो नाय. साहेबाचा हुकूमच होता." ताईंनी गाडीला चक्कर मारली, दार उघडलं, मिटलं. ऊन कडक होतं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. राखणदारानं अंगणातल्या विहिरीचं ताजं पाणी शेंदून दिलं. ताईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे खारट आहे."

"मचूळ हाय थोडा. पियाचा पानी आमी गावातून आणतो."

"आणि गाडी कुठल्या पाण्यानं धुता?"

"याच की! गाडीला काय, चव थोडीच कलते?"

ताईंनी पदर खोचला आणि सरळ अंगणातल्या वाळूत आडव्या होऊन गाडीखाली शिरल्या. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. आतून नुसतं ठकठक ऐकू येत होतं, मग एकदा कर्र असा आवाज. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पापडासारखा गंजलेल्या पत्र्याचा तुकडा होता. इमानेइतबारे रोज मिठाच्या पाण्यानं आंघोळ घातलेली ती गाडी वरून नवरी आणि खालून चाळण झाली होती. बिचाऱ्या राखणदाराची काही चूक नव्हती. समुद्राकाठी सगळे असेच धूत, आणि चकाकी बघून आमच्यासारखे शहाणे भुलत. आमच्या ह्यांनी विसाराचं पाकीट मुकाट्यानं आतल्या खिशात सरकवलं आणि परतीच्या वाटेवर हवापाण्याबद्दल बोलू लागले.

दुसरी गाडी बोईसरच्या अलीकडे, एका वाडीतल्या पेंढ्याच्या मांडवाखाली होती. राखाडी, धुळीनं माखलेली, आणि छपरावर कोंबडी बसलेली. साहेबाची बायको सामान बांधत होती. ताईंनी आधी बॉनेटवर हाताची पालथी बाजू टेकवली, पोराचा ताप बघावा तशी. गरम लागलं. "ही कुणीतरी आत्ताच सुरू करून तापवून ठेवली आहे. आम्ही उद्या सकाळी येऊ. तोवर हात लावू नका," असं इंग्रजीत सांगून आम्हाला घेऊन परत फिरल्या! दुसऱ्या दिवशी थंड गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पण ताईंचं समाधान एवढ्यावर व्हायचं नव्हतं. त्यांनी ती तारापूरपर्यंत पिटाळली, चांगली तापवून आणली, बंद केली आणि म्हणाल्या, "आता चहा पिऊ या." माझा जीव टांगणीला. चहा झाल्यावर चावी फिरवली. इंजिन जरा खोकलं आणि धडधडू लागलं. मग त्या बाईकडे वळून त्यांनी विचारलं, "हिला काय काय दुखणी आहेत? खरं सांगा, मी डॉक्टर आहे." ती हसली आणि घडाघडा सांगू लागली. छप्पर गळतं, डावा दिवा मनात येईल तेव्हा लागतो, चढावर फार वेळ नेली की तापते. ताई मला मराठीत म्हणाल्या, "हीच घ्यायची. घरच्या माणसालाच इतकं ठाऊक असतं. लपवायचं असतं तर छपराचं तरी बोलली नसती."

बोईसरच्या मिस्त्रीनं गाडी जमिनीपासून उंच करून द्यायला आधी नकार दिला. "मॅडम, ये तो रेस की गाडी है, इसको उठाएगा तो भागेगी नहीं." ताई म्हणाल्या, "मुझे भी रेसही लगानी है. लेकिन गड्ढे में." बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि गाडी बोटभर वर घेऊन दिली.

दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. ह्यांनी साइटवरून निरोप धाडला आणि ताई धुरळा उडवत दारात हजर. संमेलन पुन्हा भरलं होतंच. सासूबाई खास कऱ्हाडहून आलेल्या, पिशवी भरून तयार. "पोरीला एकटी कशी धाडू? मी आपली पायाशी बसती."

"मावशी, पायाशी गिअर आहे."

"मग मागं बसती."

"मागे काही नाही. मागे रस्ता आहे."

सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. खरोखरच जागा नव्हती. भांडायला कुणी नव्हतं, रुसायला काही नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दारातून बाजूला झाल्या. मागच्या खेपेला जीप भरायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात आम्ही या वेळी बोईसर ओलांडलं.

आणि कोळगावच्या जवळ गवताच्या बैलगाड्या आडव्या आल्या. एक कलंडलेली, बाकीच्या तिच्यामागे खोळंबलेल्या. ताईंनी भोंगा वाजवला तसा एक गाडीवान धावत आला. "बाय, वाजवू नको, बैल बुजतीन! आमी काढतो, वाईच दम खा." इंजिनाच्या तापाचा काटा वर चढत होता. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बंद केली. ती शांतता मला ओळखीची होती. याच रस्त्यावर, अशाच शांततेत माझं पहिलं लेकरू गेलं होतं... मी ओरडले. गाडीवानानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. "अरे, बाय अडलेली हाय! बैल सोडा रे, बैल सोडा!" माणसं धावली, बैल सुटले, गवताचे भारे खाली लोटले गेले, पाचसहा जणांनी ती गाडी अंगाच्या जोरावर रस्त्याखाली ढकलली. वाट मोकळी झाली. आता फक्त चावी फिरायची होती.

ताईंनी ती फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. ... आणि लागली! अगदी तशीच, चहानंतर लागली होती तशी. मी आयुष्यात बरंच गाणं ऐकलंय, पण त्या धडधडीइतकं काहीच कानाला गोड लागलेलं नाही. मागून गाडीवान ओरडत होते, "जा बाय, जा!" पालघर येईपर्यंत ताईंनी रस्त्यावरून नजर काढली नाही. दुपारी मीनल झाली. जन्मतःच तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. ताईंनी तिला माझ्या कुशीत दिलं, भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. तोवर मला वाटत होतं, भीती फक्त मलाच होती.

त्या गाडीनं पुढे कितीतरी बायका पोचवल्या. सफाळ्यापासून चिंचणीपर्यंत लोक तिला लांबूनच ओळखायचे. अखेर सुटे भाग मिळेनासे झाले, पत्रा थकला आणि ती भंगारात गेली. ताईंनी ना फोटो ठेवला, ना आठवणी उगाळल्या. तसल्या गोष्टींना त्यांच्याकडे वेळ नसे.

गेल्या आठवड्यात मी आणि मीनल पालघरला जाऊन आलो. मीनल आता स्वतः आजी आहे. पुतण्यानं ताईंची तपासायची खोली उघडून दिली. टेबल, पडदा, वजनाचा काटा... आणि कोपऱ्यात, लाकडी चौकटीवर बसवलेली एक बुटकी, कातडं फाटलेली सीट. मी ती लगेच ओळखली. गाडी मोडताना ताईंनी डावीकडची तेवढी काढून घेतली होती, आणि तपासायच्या आधी अवघडलेल्या बायकांना त्या तीवर टेकायला लावायच्या, असं पुतण्या सांगत होता. मला कधी बोलल्या नाहीत, आणि गाडी मोडल्यावर त्या खोलीत जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मीनल जाऊन तीत बसली, मागे रेलली आणि म्हणाली, "अगं आई, केवढी खोलगट आहे ही! इथून तुला रस्ता तरी दिसत होता का?"

"नाही."

"मग काय दिसत होतं?"

"ताई," मी म्हटलं.