जावेचा फॉर्म मी भरला

काल आमच्या कॉलेजात साडी डे होता. ऑफिसच्या खिडकीतून समोरचं सगळं आवार दिसतं. परीक्षेच्या अर्जांचे गठ्ठे वर्गवार लावता लावता मी मधूनच बाहेर बघत होते. आयांच्या कपाटांतून निघालेल्या, डांबरगोळ्यांचा वास अजून न गेलेल्या साड्या नेसून मुली जपून पावलं टाकत होत्या. त्यांच्यात एक अशी दिसली की हातातला गठ्ठा हातातच राहिला. नारंगी साडीवर तिनं बापाचा चौकड्यांचा शर्ट चढवला होता. बटणं उघडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मैत्रिणी तिच्याभोवती फिरून फिरून मोबाइलवर फोटो काढत होत्या. "कसली भारी दिसतीयास गं!" असं एकीनं ओरडून सांगितलेलं मला आतपर्यंत ऐकू आलं. मी उठून खिडकी लावून घेतली. पंखा चालू असताना खिडकी उघडी ठेवायची नाही असा ऑफिसात माझाच नियम आहे, पण काल ती मी त्या नियमासाठी लावली नाही.

साडीवर गड्याचा शर्ट हे आमच्याकडे नवलाचं नाही. उसाचा पाला काढणारी, तण भांगलायला जाणारी बाई तो घालतेच. पाला हात कापतो, ऊन भाजतं, आणि जुना शर्ट घरात पडलेलाच असतो. माझी धाकटी जाऊ मात्र तो वेगळ्या कारणासाठी घालायची. ते कारण तिनं एकदा स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या कोल्हापुरात काही चौकांत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून ग्लास हातात दिला जातो. कोमट, फेसाळ दूध पिऊन मिशा पुसत गप्पा मारणाऱ्या माणसांचा तो कट्टा. तिथं बायका दूध न्यायला येतात, बसत नाहीत. धारा काढायला तर कधीच नाही. माझा दीर तिथं दोन म्हशी घेऊन उभा राहायचा. एका पावसाळ्यात कावीळ होऊन तो गेला. तेराव्याचे पाहुणे पांगले तशी मी वही काढून पुढची तजवीज लिहायला घेतली, आणि त्यात पहिलं कलम होतं म्हशी विकणं. जावेनं ऐकून घेतलं. "मी काढतो की धारा," एवढंच म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, करतो, जातो, येतो. मी शिकल्यावर ते सोडलं, तिनं सोडलं नव्हतं.

धाकटी म्हैस कुणालाही दूध द्यायची. थोरली मात्र दिराच्या हाताची. आठ दिवस तिनं पान्हा सोडला नाही. रेडकू सोडून पाहिलं, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, डॉक्टर येऊन गेले. म्हैस लाथा झाडायची आणि जाऊ कोरडी बादली घेऊन उठायची. नवव्या दिवशी तिनं खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट घेतला. मरायच्या आधी दोन दिवस तो त्याच्या अंगात होता. घामाचा, तंबाखूचा, ओल्या कडब्याचा वास त्याला तसाच. तो साडीवर घालून ती म्हशीजवळ बसली. म्हशीनं मान वळवली, तिचा खांदा हुंगला आणि थोड्या वेळानं कास भरून आली. त्या दिवसापासून संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी घेऊन तीच उभी राहू लागली. तो शर्ट धारेच्या वेळेपुरता अंगात आणि एरवी खुंटीला. धुवायचा नाही. मला घरात तसला वास खपत नाही. मी गोठ्याच्या दाराबाहेर एक वेगळा खिळा ठोकून घेतला आणि तिला तो दाखवला. तेव्हा मला वाटलं होतं, किती छान सोय केली.

वर्ष-दीड वर्षानंतरची एक संध्याकाळ. ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखी दुधाची किटली घेऊन कट्ट्यावर गेले तर माणसांचं कडं. आत एक जपानी मुलगी, गळ्यात कॅमेरा, केस पोरासारखे कापलेले. तिच्यासोबत पुण्याचा एक दुभाषा. रस्त्यावरच्या साध्या माणसांच्या कपड्यांचे फोटो छापणारं तिकडचं मासिक होतं म्हणे. एरवी ते त्यांच्याच शहरातल्या पोरापोरींना रस्त्यात थांबवतात, या वेळी बाहेरच्या देशांतली माणसं घेत होते. दिवसभर ती मुलगी कोल्हापुरात भटकली होती, फेटेवाले आणि पैलवान सोडून देत. आणि इथं येऊन माझ्या जावेसमोर थांबली होती. चौकड्यांचा मळका शर्ट, गुडघ्यापर्यंत खोचलेली हिरवी साडी, पायात दिराचे गमबूट, डोक्याला पंचा.

कट्टा रंगात आला होता. "वैनी, जपानला जाऊन आम्हाला इसरू नगंस बरं का!" एक म्हणाला. दुसरा ओरडला, "ओ पावणं, म्हशीचा बी काढा की फोटू, तिनं काय घोडं मारलंय?" त्यावर तिसऱ्यानं त्याला सुनावलं, "तुझा न्हाय काढला म्हणून जळतोयास व्हय रं? म्हस बरी दिसती तुझ्यापरास." जाऊ हसत नव्हती आणि लाजतही नव्हती. धार संपेपर्यंत थांबा, असं तिनं हातानंच खुणावलं. ती जपानी मुलगी खरंच थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून, डोक्यापासून पायापर्यंत तिला न्याहाळत. बटणाच्या जागी लावलेली पिन, बाहीची घडी, गमबुटावरचं ठिगळ, सगळं. मी त्या बाईबरोबर एका छपराखाली बावीस वर्षं राहिले होते. माझ्याकडे घरातल्या सगळ्यांच्या मापांची, औषधांची, वाढदिवसांची यादी आहे. पण असं मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

फोटो झाले. मग दुभाष्यानं एक फॉर्म काढला. फोटो छापायचा तर प्रत्येकाकडून तो भरून घेतात. नाव, वय, काम, अंगावरचा कपडा कुठून घेतला, आजच्या पेहरावात खास काय, आणि शेवटी, सध्या तुमचं मन कशात रमलंय. फॉर्म इंग्रजीत. दुभाष्याला लोकांनी दुधाचे ग्लास घेऊन घेरलेलं. फॉर्म रिकामा दिसला की माझे हात शिवशिवतात. "द्या इकडं, मी भरते," म्हणाले आणि पर्समधून पेन काढलं.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. शर्ट कुठला? "त्यांच्या मामानं लग्नात दिल्यालं कापड. हितंच शिवल्याला." खास काय? तिनं थोडा विचार केला. "धुतल्याला न्हाई, हे खास. धुतला की म्हस वळखायची न्हाई. तिला वाटतंय अजून त्येच येत्यात. मी बी तिला सांगत न्हाई." मी पेन टेकवलं आणि थांबले. परदेशात छापून येणार, त्यात मेलेल्या माणसाचा न धुतलेला शर्ट आणि म्हशीची फसवणूक! मी इंग्रजीत लिहिलं, सुती आणि आरामदायक.

शेवटचा प्रश्न ऐकून तिनं आधी बादलीवर झाकण ठेवलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मला घाई होती, कुकर लावायचा होता. मग ती माझ्याजवळ सरकली आणि माणसांकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाली, "आक्का, मी पवायला शिकतोय. दुपारी म्हशी नदीला नेतो न्हवं, वरच्या अंगाला कोण नसतंय. थोरलीच्या शेपटीला धरून पवतो. परवा शेपूट सोडलं. धा-बारा हात एकलीच गेलो." तिचे डोळे कसे झाले होते ते मला आता लिहिता येत नाही, कारण मी तेव्हा फॉर्मकडे बघत होते. "आसं ल्ह्या," ती म्हणाली.

मी लिहिलं, वाचन.

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण जे कागदावर घातलं नाही ते मी घरी नेलं. जेवताना ह्यांना सांगितलं. मनात ते चहाडी म्हणून नव्हतं, काळजी म्हणूनच होतं. पण तोंडातून बाहेर पडताना त्याचा सूर काय लागला हे मला माहीत आहे. ह्यांचा घास हातात राहिला. "बुडली बिडली तर लेकीला तिच्या काय तोंड दाखवायचं?" म्हणाले. आणि लगेच, "साडी भिजवून नदीत? ह्या वयात?" तीन दिवसांत मी गोठ्यात नळ आणला. पाइप, सांधे, मोटर, प्लंबर, सगळ्याची यादी केली आणि एकेक खूण करत काम पुरं करून घेतलं. म्हशी आता घरीच धुवायच्या, नदीचं पाणी खराब झालंय, जनावरांना रोग होतात, असं तिला सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. आमची नदी खराब झालेलीच आहे. जावेनं नळाची तोटी फिरवून बघितली, पाणी आलं, तिनं बंद केली. मग माझ्याकडे बघितलं. तिनं ती गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती. "व्हय," एवढंच ती म्हणाली.

मासिक चार-पाच महिन्यांनी आलं. पत्ता मी कॉलेजचा दिला होता. नोकरीसाठी जपानी शिकणारी आमची एक विद्यार्थिनी वाचून दाखवायला घरी आली. अख्खं पान जावेचं. एवढा सुंदर फोटो आमच्या घरात कुणाचा नाही, लग्नातलासुद्धा नाही. पोरगी बोट ठेवून ठेवून वाचत होती. सुती कपडा. आरामदायक. छंद, वाचन. खाली संपादकांनी आपल्याकडची दोन वाक्यं घातली होती, की कष्टाच्या कामातही आराम आणि पुस्तकं यांची आवड जपणारी ही बाई. जाऊ भिंतीला टेकून ऐकत होती. "हे मी सांगितल्यालं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "जरा नीटनेटकं केलं गं. परक्या मुलखात जायचं होतं." ती म्हणाली, "बरं केलंसा, आक्का." आवाजात राग असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. तिनं चहाचे कप उचलले, पोरीला "येत जा गं बाळ" म्हणाली आणि आत गेली. मासिक तिनं हातातही घेतलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायची. गॅस संपला का, संपला. दूध किती राहिलं, एवढं. आम्ही दोघी एका ओट्यावर भाकऱ्या करायचो आणि भाकरी थापल्याचाच आवाज असायचा. दोन वर्षांनी थोरली म्हैस आटली. तिला वडगावच्या बाजारात नेलं, धाकटीही पाठोपाठ गेली, आणि जाऊ लेकीकडे जयसिंगपूरला राहायला गेली. सामानाची यादी मीच केली. ती यादी फार लहान झाली.

गेल्या महिन्यात तिच्या नातवाच्या बारशाला गेले होते. हे आजारी, म्हणून एकटीच. पाहुण्यांचं जेवण उरकलं, पोरीबाळी झोपल्या, दुपारचे चार वाजले. जाऊ मागच्या दारानं घरात आली. हातात पिशवी. केस ओले, नुकतेच पिळलेले, आणि पाठीवर पोलक्याला ओल आलेली. सकाळी पाळण्याच्या वेळी तिचा अंबाडा कोरडा, चापूनचोपून घातलेला होता, हे मी पाहिलं होतं. तिच्या लेकीच्या घरापासून नदी फार लांब नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे मला दाखवण्यासारखं काही नव्हतं. "च्या टाकू का तुमास्नी?" तिनं विचारलं. मी टाक म्हणाले.

एवढ्या वर्षांत मी हजारो फॉर्म तपासले. कुठला रकाना रिकामा राहिला, कुठं खाडाखोड झाली, ते मला लांबून दिसतं. माणूस आपल्याशी बोलायचं थांबतं तेव्हा मात्र काहीच रिकामं दिसत नाही. सगळी उत्तरं येत राहतात, घर चालू राहतं, सणवार होतात, आणि एखाद्या दुपारी लक्षात येतं की आपल्याला त्या माणसाबद्दल आता काहीही माहीत नाही. ती पोहते का, एकटी जाते का, किती हात जाते, तिथं तिला हाक मारणारं कुणी आहे का. हे विचारायचा हक्क ज्या संध्याकाळी माझ्याकडे आपण होऊन चालत आला होता त्या संध्याकाळी मला कुकर लावायचा होता. परक्या मुलखातल्या पोरीनं विचारलं, तिनं मन उघडून सांगितलं, आणि मधे मी बसले होते पेन घेऊन.

तिनं चहा आणून दिला. जास्तच गोड झाला होता, तरी मी सगळा प्यायले. तिच्या केसांतून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं. ते दोघींनाही दिसत होतं आणि पुसायला कुणी उठलं नाही. कप विसळून मी जागेवर ठेवला, बाळाच्या हातात पाकीट दिलं आणि साडेपाचची एसटी धरली.