बार्नबीसाहेबाचा हार

लालबागच्या चाळीत गुणाजी पेडणेकराच्या खोलीत देवांच्या शेजारी एका काळ्या, हॅटवाल्या साहेबाचा फोटो होता. दर नारळी पौर्णिमेला त्याला ताजा हार पडायचा. नवा माणूस हार बघून हळहळायचा, "कधी वारले?" वेस्ट इंडीजची टीम येणार असं पेपरात आल्यापासून तर पोरं विचारायची, "गुणाजीमामा, हा फास्ट बोलर काय हो?" गुणाजी भडकायचा. साहेब चांगला धडधाकट होता. पण मान द्यायचा तर हारच हवा, त्यासाठी माणूस मरायची वाट कशाला बघायची, असं गुणाजीचं शास्त्र!

त्यानं उमर काढली बोटीवर भात-आमटी शिजवण्यात. तरुणपणी वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर कप्तानाशी वाजलं, आणि कप्तान त्याला धक्क्यावर टाकून चालता झाला. पोटात अन्नाचा कण नाही, भाषेचा गंध नाही. धक्क्यावर गोदी कामगारांचा संप चालू होता. त्यांचा पुढारी बार्नबी. त्यानं ह्या परक्या पोराला हात धरून संपवाल्यांच्या पंगतीत बसवलं. तो दिवस नारळी पौर्णिमेचा. पुढे बार्नबी बेटाचा मुख्यमंत्री झाला, इंग्रजांकडे स्वातंत्र्य मागू लागला, तेव्हा गुणाजीनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

हार ओवायची शेजारची गंगुबाई. मार्केटाबाहेर फुलं विकायची. नारळी पौर्णिमेलाच गुणाजीला राखीही बांधायची. गुणाजीला तिच्याशिवाय जवळचं कोणी नव्हतं, आणि तिलाही आता कोणी उरलं नव्हतं. तिचा एकुलता एक कुशाबा छप्पन सालच्या गोळीबारात गेला, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत. त्याला पहिला खांदा गुणाजीनं दिला होता.

अठ्ठावन्न सालची नारळी पौर्णिमा उद्यावर आली, आणि माझगावचा गणपत, गुणाजीचा जुना बोटीवरचा सोबती, सफरीहून परतला. खोलीत आला तो फोटोकडे बघतच.

"काढ रे तो. तुझ्या साहेबानं उसाच्या मजुरांवर गोळ्या घालायला लावल्या. अर्धं बेट त्याला बाप म्हणतं, अर्धं त्याच्या नावानं थुंकतं."

"शाळा बांधल्या ना त्यानं?"

"बांधल्या की. गोळ्यापण घातल्या."

गुणाजीचं जेवण गेलं. खाल्ल्या मिठाला जागायचं, की कुशाबाला? गप्प बसावं, तर गंगुबाईच्या हातचा हार असल्या माणसाच्या गळ्यात. सांगावं, तर ती म्हणणार, माझ्याकडून खुन्यासाठी फुलं ओववलीस, मेल्या! बहीण कायमची तुटायची.

सकाळी ती हार आणि राखी घेऊन आली. गुणाजीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"गंगू, आधी ऐक गो." आणि सगळं सांगून टाकलं.

गंगुबाई उंबऱ्यावर बसली. गुणाजीला वाटलं, संपलं.

"माझ्या कुशाबावर पण असोच कोणीतरी हुकूम दिल्यान," ती म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "त्या दिवशी तुका रांधून कोणी घातल्यान?"

"साहेबानं बसवलं ना..."

"बसवल्यान, समाजला. रांधल्यान कोणी?"

जन्मभर दुसऱ्यांना रांधून घालणारा गुणाजी आता कुठे धक्क्यावरची ती पंगत आठवू लागला. डोक्याला फडकं बांधलेली एक जाडजूड बाई मोठ्या टोपापाशी घामाघूम उभी होती. तिनं दोनदा वाढलं होतं. तो जेवला ती इनॅमलची थाळीही निघताना त्याच्या हातात दिली होती. त्याच थाळीत तो अजून रोज जेवत होता, आणि तिचं नाव विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. लाजच वाटली त्याला.

त्यानं फळीवरून थाळी काढली. कडा उडालेल्या, तळाला गंज. गंगुबाईनं तिला देवांपुढे ठेवून भोवती हार घातला.

"फोटो रवांदे भिंतीर," ती म्हणाली. "जेवूक बसवल्यान, ता खोटा नाय. पण माझो हार त्येका नाय. काढ आता हात."

गुणाजीनं हात पुढे केला आणि ढसाढसा रडला. रात्रभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. गंगुबाईनं राखी बांधली, डबा उघडला, आणि हार न हलवता त्या थाळीत नारळीभात वाढला.

"जेव," ती म्हणाली. "त्या बायची थाळी सणादिवशी रिकामी कित्याक?"