पहिल्या ओळीतलं ‘श्री’

भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून लागले, तेव्हा ब्राउझर म्हणजे काय हे घरी समजावून सांगायची सोय नव्हती. आई शेजारणींना सांगायची, "टायपिंग करते." मला भयंकर राग यायचा.

शेटना डब्यांची ड्रॉइंग्ज परदेशातल्या गिऱ्हाइकांना ब्राउझरमधून दाखवायची होती. ब्राउझरला फोटो कळायचे, आमच्या ड्रॉइंगच्या फाइली नाही. म्हणून मी वेगळा व्ह्यूअर लिहायला घेतला. फाइलवर क्लिक केलं की ब्राउझरने ती माझ्या प्रोग्रामकडे सोपवायची आणि त्याने ती आपल्या खिडकीत उघडायची. शेटनी बजावलं होतं, "शनिवार तक सॅम्पल दिखाओ, नहीं तो काम टाउन की कंपनी को जाएगा." मुंबईतल्या त्या कंपनीकडे काम गेलं की माझी नोकरीही गेली, हे उघड होतं.

मी स्वतः बनवलेल्या फाइली त्यात पटापट उघडल्या. मी हवेत! शनिवारी शेटसमोर कारखान्याची ड्रॉइंग्ज काढणाऱ्या ड्राफ्ट्समन काकांची खरी फाइल लावली, तर व्ह्यूअर म्हणाला, ही ओळखता येत नाही. दुसरी लावली, तेच. टाउनच्या कंपनीचा नंबर शोधायला शेटनी फोनची डायरी काढली.

"चहा होईपर्यंत तरी थांबा," मी म्हटलं आणि फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. सगळ्या आकड्यांच्या वर, पहिल्याच ओळीत, इंग्रजी अक्षरांत ‘श्री’. माझा प्रोग्राम नेमकी तिथेच, फाइल कुठल्या प्रकारची हे सांगणारी खूण शोधत होता. काका आयुष्यभर कागदावर आधी श्री काढत आले होते. कॉम्प्युटर आला म्हणून ते थोडंच सोडणार?

शेजारीच उभ्या काकांचा चेहरा पडला. "सगळ्या फायलींतून काढून टाकतो गं. माझ्यामुळे तुझं..."

"हात लावू नका, काका."

चूक माझी होती. त्यांची एकही फाइल मी आधी मागून घेतली नव्हती. खूण सापडेपर्यंत वरच्या ओळी सोडून दे, एवढं प्रोग्रामला शिकवलं. चहा निवायच्या आत झालं.

क्लिक केलं. झाकणासकट डबा खिडकीत उभा राहिला. शेटनी माउस माझ्या हातातून घेतला आणि एकेक करत बऱ्याच फाइली उघडल्या. मग त्यांनी फोन लावला.

"हां, वो काम था ना? नहीं, अब किसी को मत भेजना. हमारी मॅडम ने बना दिया."