झुंबरबाई बसल्या ते पाच दिवस

"सहाव्या दिवशी पट्टी सोडू. तोवर पोरीचं डोकं हलता कामा नये. रडायचं नाही, वाकायचं नाही, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही. दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी, पट्टीची कड उचलून दोन थेंब. एवढं केलं म्हणजे डोळा राहीलच, असं वचन मी देत नाही. पण यातलं काही चुकलं तर तो जाईल, हे आजच सांगून ठेवतो."

धुळ्याच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा झुंबरबाई दवाखान्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं माखलेले, आणि ती कणीक उन्हानं वाळून तडकलेली. आत बाकावर त्यांची सून मंदा डोळे बांधून पडली होती. दुखावला होता डावा डोळा, पण एक हलला की दुसराही हलतो म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बांधले होते. पोरीचं वय सतरा-अठरा. सन एकोणीसशे अडतीस, आखाजीचा आदला दिवस.

झुंबरबाई कोण, हे आधी सांगायला हवं. आमची नाटक कंपनी बुडाली तेव्हा मी धुळ्याला लागून असलेल्या देवपुरात दोन खोल्या घेऊन राहिलो. शेजारचं घर त्यांचं. रंगभूमीवर मी एकाहून एक प्रवेश पाहिले, काही स्वतः नऊवारी सावरत केलेही, पण झुंबरबाईंसारखा प्रवेश कुणाचा पाहिला नाही. दारातून आत येता येता त्या निघालेल्या असत. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांच्या तोंडापेक्षा पाठ जास्त ओळखीची होती.

त्या मांडे करत. खान्देशात लग्नाची पंगत मांड्यांशिवाय पंगत नव्हे. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली मऊसूत कणीक दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि ती तलम पोळी खापरावर अशी सोडायची की एक सुरकुती पडू नये. हे काम पुष्कळ बायांना येई, पण झुंबरबाईंचा मांडा हातावर असताना पलीकडची चूल दिसे. चैत्र-वैशाखात सोनगीरपासून शिरपूरपर्यंत त्यांना बोलावणी. एका तिथीला दोन घरं, कधी तीन. जेवण उभ्यानं.

मी एकदा म्हटलं, "झुंबरबाई, घटकाभर टेका की."

"बसलं की अंग जड होतं, नाना," त्या चालता चालता म्हणाल्या. "तुमचं बरं आहे. तुमच्या नाटकात मेलेला माणूससुद्धा टाळ्या पडल्या की उठतो."

त्यांचं बोलणं सगळं अहिराणीत. मी ते जमेल तसं पुस्तकी मराठीत आणतो आहे. त्यातली चव थोडी सांडणार, त्याला इलाज नाही.

आता आखाजीचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि वर्षभर सासरी मान खाली घालून वागलेली पोर चार दिवस पुन्हा पोर होते. मंदाचं माहेर सोनगीर. तिचा भाऊ पुना आठ दिवस आधीच न्यायला आला होता. झुंबरबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "इतक्या लवकर कसाले? आखाजीच्या दिवशी सकाळी ये. तोवर मला तिचे हात लागतात." मंदा आत धान्य निवडत होती. 

आखाजीच्या आदल्या दिवशी तीन घरांचे मांडे होते. एका खापरावर ते उरकले नसते, म्हणून झुंबरबाईंनी दोन दिवस आधीच कुंभाराकडून दुसरं आणलं होतं. कुंभार म्हणत होता, "अक्का, हे अजून ओलं शे. आठ दिवस सावलीत राहू द्या, मग तुसाच्या मंद आचेवर दोनदा शेका." हे झुंबरबाईंना कुंभारानं सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं त्या दुसऱ्यांना हेच सांगत आल्या होत्या. पण त्यांनी तिसऱ्याच दिवशी ते खापर चुलीवर घातलं, खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भडका केला आणि मंदाला पुढ्यात बसवलं. मी ओसरीवर होतो. बार उडाल्यासारखा आवाज झाला. मी धावत गेलो तेव्हा मंदा तोंडावर हात धरून बसली होती आणि बोटांमधून रक्त येत होतं. खापराची कपची डोळ्यात गेली होती.

दवाखान्यातून तिला बाजेवर घालून चौघांनी पांझरा नदीच्या कोरड्या पात्रातून घरी आणलं. त्या घरात घड्याळ नव्हतं. माझ्याकडे होतं, म्हणून थेंबांच्या वेळा सांगायचं काम माझ्याकडे आलं. झुंबरबाईंचा मुलगा लोटन जळगावला जिनिंगमध्ये कामाला, त्याला पत्र टाकलं.

आखाजीच्या सकाळी सातच्या थेंबांना मी गेलो, तर मंदाच्या उशाशी झुंबरबाई नव्हत्या. शेजारच्या शेवंताबाई बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. तिसऱ्या घरचे मांडे अर्धे राहिले होते. ते उरकून येते, असं सांगून झुंबरबाई पहाटेच गेल्या होत्या. मंदा झोपेत डाव्या कुशीवर वळली होती. पट्टीवर रुपयाएवढा गुलाबी डाग उमटला होता.

मी तिला उताणी केली. तेवढ्यात झुंबरबाई आल्या. त्यांनी डाग पाहिला. शेवंताबाई दचकून जाग्या झाल्या आणि "आत्ताच तर पाहिलं होतं मी" असं काहीबाही बोलू लागल्या, पण झुंबरबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हात धुतले, बाजेच्या उशाकडे भिंतीला पाठ लावली, मांडी घातली आणि मंदाचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही कानशिलांवर तळवे धरले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तासाभरात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुना आला होता, सांगितल्याप्रमाणे. गाडीवर नवं कापड, बैलांच्या शिंगांना गोंडे, आणि गाडीत बहिणीसाठी आईनं दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा. तो हसत दारात आला आणि तिथेच थबकला.

"काय झालं?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पट्टीकडे. शेवटी झुंबरबाईच म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. ओलं खापर होतं."

पुना एक पाऊल पुढे आला. "तुम्हाला माहीत होतं ओलं आहे?"

"माहीत होतं."

"मी हिला घेऊन जातो. आत्ताच."

"ने," झुंबरबाई म्हणाल्या. "तुझा हक्क शे. पण डॉक्टर म्हणतात गाडीचा एक हिसका बसला तरी डोळा जाईल. सहाव्या दिवशी ने. तोवर शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, पण बाहेर जाऊन दे. हिला रडायची बंदी आहे."

मंदाचे ओठ थरथरायला लागले होते. पुनानं ते पाहिलं आणि तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. तो सोनगीरला परतला नाही. पाचही दिवस ओट्यावर राहिला, आणि झुंबरबाईंशी एक शब्द बोलला नाही.

पहिले दोन दिवस झुंबरबाईंचे हालच होते. पाय मुंग्यांनी बधिर होत, पाठ मोडून येई, पण खरा त्रास वेगळाच होता. गिरणीचा भोंगा वाजला की त्यांची मान दाराकडे वळे. बाहेर कुणी "अक्का" म्हटलं की खांदे उचलले जात. चूल कुणी फुंकली, दूध कुणी काढलं, आंब्याच्या फोडी कुणी वाळत घातल्या, सगळ्याची विचारपूस. मंदा मात्र लाकडासारखी पडलेली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवायची कुठल्या सुनेला सवय असते?

तिसऱ्या दिवशी मंदा पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "आत्याबाई, निंबाला झोका बांधलाय का?"

"बांधला असंल."

"दिसत नाही का तिथून?"

झुंबरबाईंनी दारातून पाहिलं. "बांधलाय. दोन पोरी बसल्यात."

"कोणाच्या?"

मोठीच पंचाईत झाली. बावीस वर्षं त्या गल्लीत राहून झुंबरबाईंना पोरी ओळखता येईनात. मी हळूच नावं सांगितली. मंदाला ऐकू गेलं आणि ती डोकं न हलवता हसली. मग ती विचारत गेली आणि झुंबरबाई बघून सांगत गेल्या. झोक्यावरची एक पोर घाबरट आहे, दोर दोन्ही हातांनी धरते. समोरची म्हातारी उन्हात पापड राखताना स्वतःच एक खाते. पुना बैलाच्या पाठीवर हात फिरवतोय. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला. भोंगा वाजला तेव्हा त्या सांगतच होत्या. मान वळली नाही.

त्या दुपारी त्या मला म्हणाल्या, "नाना, लोटनचा बाप गेला तेव्हा मी चोवीसची. पोर कडेवर. सासरचे म्हणाले, हिला कशाला ठेवायची? मग एका लग्नात माझे मांडे नावाजले आणि मला कुणी जा म्हटलं नाही. तेव्हापासून वाटतं, हात थांबले की लोक म्हणतील, ही कोण?"

 घड्याळात बारा वाजले होते. आम्ही थेंब घातले.

चौथ्या दिवशी शिरपूरहून दमणी आली. दमणी म्हणजे आमच्याकडची पळती, हलकी बैलगाडी. तीत चुडामण, रुपचंद पाटलांचा धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या मुलीचं लग्न होतं आणि मांड्यांचा शब्द झुंबरबाईंनी होळीलाच दिला होता. मंदा नुकतीच झोपली होती. घुंगरांचा आवाज दाराशी आला तसे झुंबरबाईंनी आपले तळवे तिच्या कानांवर दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन बैलांच्या गळ्यातले घुंगरू मुठीत धरले.

"चला अक्का," चुडामण दारातून गरजला. "बठ्ठं तयार शे! चार खापरं मांडलीत, दहा बाया बसल्यात. फक्त तुम्हना हात जोयजे."

"हळू बोल. येणं होणार नाही."

त्यानं आत पाहिलं, पट्टी पाहिली, जरा वरमला. पण चारशे पानांचा धाक मोठा. "एक दिवसाचा प्रश्न आहे. हिच्यापाशी दुसरं कुणी बसंल. मी माझ्या बहिणीला आणून बसवतो."

"दुसरं कुणी बसलं होतं एकदा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग?"

"मोडला."

चुडामणला यापुढचं भाषण पाठ नव्हतं. तो लाल झाला. "शिरपूरभर सांगीन मी. झुंबरबाईनं ऐन मांडवात तोंडघशी पाडलं म्हणून. पुन्हा कुणी उंबऱ्याशी बोलावणार नाही."

झुंबरबाईंचा चेहरा पांढरा पडला. तो घाव कुठे बसला हे मला आदल्या दुपारीच कळलं होतं. मी वाट पाहत होतो. ओट्यावर पुनाही मान वळवून पाहत होता. माझ्या मुठीत घुंगरू घामानं निसटत होते.

"सांग," त्या म्हणाल्या. "पण गल्लीच्या बाहेर गेल्यावर सांग. पोरगी आत्ताच झोपली आहे."

दमणी गेली. पुना उठून आत आला आणि त्यानं पाण्याचा तांब्या झुंबरबाईंच्या जवळ ठेवला. त्यांना हात काढता येत नव्हते. त्यानं तो त्यांच्या तोंडाला लावला.

पाचव्या दिवशी दुपारी लोटन पोहोचला. सहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः टांग्यातून आले. खिडकीला चादर लावून खोलीत अंधुक उजेड ठेवला, मंदाला उशीला टेकवून बसवलं आणि झुंबरबाई डॉक्टरांच्या मागे जाऊन बसल्या. पट्टीचे वेढे सुटत होते आणि कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता. नाटकात पडदा वर जाण्याआधी अशी शांतता असते, पण तिथे पुढे काय होणार हे ठाऊक असतं.

डॉक्टरांनी मंदाचा उजवा डोळा हातानं झाकला. "किती बोटं?"

मंदानं डोळा बारीक केला. "तीन." डॉक्टरांनी दोन धरली होती. झुंबरबाईंनी डोळे मिटले.

"बोटं नीट दिसत नाहीत," मंदा म्हणाली. "धुकं आहे. पण तुमच्या हातामागं कुणीतरी काळं लुगडं नेसून बसलंय." मग जरा थांबून, "बसलंय म्हणजे आत्याबाई नसतील."

लोटन हसला, पुना हसला, आणि झुंबरबाई पाच दिवसांनी रडल्या. डॉक्टर म्हणाले, "डोळा राहिला. त्यावर फूल पडेल, पांढरा ठिपका राहील, या डोळ्यानं सुई ओवता येणार नाही. पण राहिला."

दोन दिवसांनी चुडामण कापसाच्या कामानं धुळ्याला आला, तो वळून आमच्याकडेही आला. राग उतरला होता. झुंबरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पंगतीचं काय झालं?"

"साध्या पुरणपोळ्या केल्या बायांनी. आमरस होता."

"मांडे नव्हते तरी?"

"लोक जेवले, अक्का. दोनदा मागून जेवले."

झुंबरबाईंचं तोंड उतरलं. नंतर मी त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते कुठल्याही नटाला साधलं नसतं. आधी लागलं, मग आश्चर्य वाटलं, आणि मग डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तशी मान सैल झाली. "जेवले ना," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा पुनानं गाडीत गवताची जाड गादी घातली. मंदाला वर चढवलं. झुंबरबाई चाकापाशी उभ्या होत्या.

"न्यायला कधी येशील?" पुनानं लोटनला विचारलं.

उत्तर झुंबरबाईंनी दिलं. "ती म्हणेल तेव्हा. आणि बैल चालवत ने, पळवू नको."

गाडी निघाली. त्या ओट्यावर येऊन बसल्या, माझ्या शेजारी. थोड्या वेळानं पलीकडच्या आळीतला माणूस धापा टाकत आला. उद्याची तिथी, दोन घरं, अक्का, चला.

"उद्या एक घर करीन," झुंबरबाई म्हणाल्या. "सकाळी येते. आज मी घरी आहे."