काकींना सोडून काढलेला गट

काकींना 'छान' या शब्दाची चीड होती. जळगावात त्यांचं कापडाचं दुकान; माहेर-सासर दोन्ही मारवाडी व्यापाऱ्यांचं. गल्ल्यावर बसून बसून त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती. "खोट काढतो तो घेतो. छान छान म्हणतो तो पायरी उतरतो." त्यांच्या कामाला कुणी छान म्हटलं की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "खोट सांग."

पन्नाशीनंतर त्या संगणक शिकल्या आणि आमचा गट उभा केला. जुने लॅपटॉप दुरुस्त करून खेड्यांतल्या शाळांना द्यायचे, हे आमचं काम. रविवारी दुकानाच्या माडीवर सगळे जमत. बैठक दिवस मावळायच्या आत संपे, कारण सूर्यास्तानंतर काकी जेवत नसत आणि आम्हाला वाढल्याशिवाय स्वतः पानावर बसत नसत.

शाळांच्या अडचणी कुठे कळवायच्या, यावर वाद झाला. सगळ्यांच्या मोबाइलवर असलेलं फुकटचं अ‍ॅप काकींना नको होतं. "आपलं बोलणं परक्याच्या घरात कशाला ठेवायचं?" त्यांनी खपून माडीवरच सर्व्हर बसवला आणि गटाची स्वतंत्र साइट तयार केली. म्हणणं बिनतोड होतं. पण ती साइट शाळांच्या अडचणी कळवणाऱ्या गावाकडच्या बायांना वापरता येईना.

हे काकींना सांगणार कोण? विचारलं की सगळे अहिराणीत सगळं ठीक असल्याचं सांगत, "बठ्ठं चांगलं शे, काकी." मग त्याच फुकटच्या अ‍ॅपवर हळूच दुसरा गट निघाला, काकी सोडून सगळे. खरं काम तिकडे चाले. "बघा, महिनाभर एक तक्रार नाही!" असं काकी खुशीत सांगत तेव्हा मी हातातला मोबाइल उपडा ठेवत असे. इतकी पारखी बाई, पण आमच्या 'चांगलं'वर तिने विश्वास ठेवला होता.

एका रविवारी काकी मुक्ताईनगरकडच्या शाळेसाठी खोकं भरत होत्या. त्यातले चार्जर ज्या मालातले, त्याच मालातला एक आदल्या दिवशी अमळनेरजवळच्या शाळेत पेटला होता. फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, दुसऱ्या गटावर. खाली रिक्षा उभी होती, काकी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या, आणि माडीभर माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

शेवटी, चार्जर पेटला त्या शाळेच्या गावच्या सुमनअक्का उठल्या. "काकी, ते खोकं धाडू नका. यामधलाच चार्जर आमनी शाळामा जळना."

"पोरं जवळ होती?"

"नही. शाळा सुटेल व्हती."

काकींनी श्वास सोडला. "मग मला कसं कळलं नाही?"

"दुसरा गटवर टाकं. तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

काकींनी पट्टी उचकटली आणि चार्जर एकेक करून बाहेर काढले. मला वाटलं, संपला आपला गट. खोकं रिकामं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या साइटची खोट काय, अक्का?"

"तठे बोलता येस नही. लिखनं पडस."

"एवढंच?" काकींनी चष्मा काढून ठेवला. "अहो, आठवड्याचं काम होतं ते."

आठवड्यात त्यांनी बोलून कळवायची सोय केलीही, आणि आम्ही आमचा चोरटा गट मिटवला. पण काकी पूर्वीसारख्या मोकळ्या झाल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटे. दिवाळीनंतर त्या लेकाकडे सुरतेला राहायला निघाल्या. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. खिडकीतून त्यांनी सुमनअक्कांचा हात धरला आणि हसत म्हणाल्या, "अक्का, आता तरी मला सोडून गट काढू नका."